तुरा

कोडोलीच्या चर्चमध्ये
माझी प्रार्थना लांबत गेली.
शब्दांवर शब्द, आमेनच सापडेना.

बाहेर एलीशिबा मावशी म्हणाली,
"तुरा आलाय की रं तुला."

मला आधी स्तुतीच वाटली.

मग तिनं बांधाकडचा
तुरा आलेला ऊस मोडला:
मधे पांढरी दशी, कापसागत.
चावून बघितला. नुसता चोथा.

गुऱ्हाळावर ती काहिलीजवळ बसते,
भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी
काढत राहते. ओठ हलतात,
आवाज येत नाही.
कुणी लेकरू घेऊन आलं
की आधी काकवी देते, मग नाव विचारते.

काल रात्री गुडघे टेकले.
"बापा," म्हणालो,
आणि मळी वर येईपर्यंत
गप्प राहिलो.