पाठवण्याची गरज नाही

त्वचेच्या डॉक्टरांची यादी माझ्याकडे असायची.
हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर, कास्त्रोच्या इस्पितळात
जिन्याखालच्या खोलीत. एकोणीस वर्षं.
नाव, बेट, तक्रार, तारीख.
शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे मी पेन्सिलनेच लिहायचो:
बोट चुकली. वादळ. आलाच नाही.
आणि कधीकधी एक बारीक फुली,
जिच्याबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही.

जूनच्या थंडीत दोन पोरं आली, संगणक घेऊन.
म्हणाली, हेरिबेर्तो, आता माणसं यायची नाहीत,
प्रश्न येतील.
बेटावरच्या दवाखान्यातून फोटो, चार ओळी मजकूर,
आणि सहाशे किलोमीटरवर तेमुकोत बसलेल्या बाई
सवडीने वाचून उत्तर लिहितील.
मी विचारलं, आणि रजिस्टर?
ती हसली. वाईट नव्हती पोरं.

पहिला प्रश्न केनाक बेटावरून.
एदेल्मिरा ग्वाइकिन, वय एकोणसाठ,
दोन्ही हातांना भेगा, रक्त येतं, रात्री झोप नाही.
नाव मला पाठ होतं.
पान त्रेचाळीस, वरून सहावी ओळ,
तिथे ती चौदा महिने ताटकळत बसली होती,
शाई फिकट होईस्तोवर.

उत्तर दोन दिवसांत आलं.
चौदा महिन्यांना दोन दिवसांनी भागून पाहिलं मी,
मग कागद चुरगळून टाकला.

"मलम सकाळ-संध्याकाळ. हात कोरडे ठेवावेत.
खारं पाणी टाळावं.
पेशंटला पाठवण्याची गरज नाही."

खारं पाणी टाळावं.
केनाकवर.
ओहोटी लागली की जी बाई मांडीएवढ्या पाण्यात उतरते,
लालकाळं शेवाळ ओरबाडून काढते,
वाळवते, किलोवर विकते,
तिने.

फॉर्ममध्ये कामधंद्याचा रकाना नव्हता.
माझ्या रजिस्टरातही नव्हता,
कबूल करतो.

दवाखान्यातल्या रोसाल्बाने पुन्हा लिहिलं.
तेव्हा सगळं अजून माझ्या खोलीवरूनच जायचं,
म्हणून वाचलं:
"डॉक्टर, पाणी टाळलं तर ही खाणार काय?
मोजे आहेत, रबराचे, जावयाचे. मोठे होतात,
आत पाणी शिरतं.
आता सांगा."

चार दिवस काही नाही.
मला वाटलं, बाईंना राग आला.
पाचव्या दिवशी, रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी:
"आतून सुती मोजे, रोज धुतलेले.
बाहेरून रबराचे, कोपरापर्यंत, तिच्या मापाचे.
खर्च दवाखान्याने करावा, तसं लिहून देते आहे.
हे मी आधीच विचारायला हवं होतं.
त्या शेवाळाचा एक फोटो पाठवाल का?"

रोसाल्बाने पाठवला.
त्यात शेवाळ कोपऱ्यात आहे,
बाकी सगळी एदेल्मिरा,
दोन्ही हात वर, पिवळे मोजे,
पोलिसांनी पकडल्यासारखी हसते आहे.

सप्टेंबरात ती स्वतःच आली, कुणी न बोलावता.
जिन्याखाली वाकून आत, हात टेबलावर पसरून म्हणाली,
बघ, बरे आहेत.
मग जरा फुरंगटून:
नंबर लागला असता तर बोटीचं भाडं सरकारने दिलं असतं.
बहिणीकडे दोन रात्री राहिले असते.
चौदा महिने सांगत होते तिला, येते, येते.

बहीण?
इथेच, बंदरामागे. गुडघे गेले तिचे.
तिचाही प्रश्न पाठवतात म्हणे आता.

मग विचारलं तिने, वहीत माझं नाव अजून आहे?
पान त्रेचाळीस काढून दाखवलं.
बोटाने चाचपलं तिने, नवी कातडी, गुलाबी, ताणलेली.
खोडू नकोस, म्हणाली.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, पेनने: आली.

परतीच्या बोटीची वेळ विचारायला
तिने माझाच फोन उचलला.
पलीकडून कुणी बोलेपर्यंत
वीस मिनिटं
रिसीव्हर कानाला धरून उभी होती.