शून्य ते दहा

गुरुवारी अकरा वाजता, मेडिकलच्या जुन्या इमारतीत
प्लास्टरच्या खोलीला लागून जी खोली आहे
तिथं आम्ही नऊ जणी गोल बसतो.
गोल आपलं म्हणायचं. मधे खांब येतो,
आणि खांबामागची खुर्ची पुष्पकलाची.
तिला दिसायचं नसतं, ऐकायचं असतं.

मॅडम वयानं माझ्या पोरीएवढ्या.
पहिल्याच दिवशी विचारलं, शून्य ते दहामध्ये
आज तुमचं दुखणं किती?
अकरा वर्षांत आकडा कुणी मागितला नव्हता.
मागायचे ते रिपोर्ट,
आणि रिपोर्ट दर वेळी माझ्याविरुद्ध साक्ष द्यायचे:
सगळं नॉर्मल.
मी घाबरून पाच म्हटलं,
घासाघिशीला थोडी जागा ठेवून.

दुर्पताबाई म्हणाली, "शून्य? ते तं बर्डीकडे हाये ना बाप्पा,
दगड गाडला हाये त्याचा.
माह्या घरून लय दूर पडते."
हसलो. हसताना माझी बरगडी दुखली,
कुंदाचा जबडा.
पण आधी हसणं आणि मग दुखणं,
हा क्रम कितीतरी वर्षांनी लागला होता.

तिसऱ्या गुरुवारी कागद वाटले. वर बाईचा नुसता आकार,
डोळे नाहीत, केस नाहीत, अंगावर लुगडं नाही.
दुखतं तिथं रंगवा.
डबीतला लाल खडू आधी संपला, मग जांभळा.
मी मान रंगवली, खांदे, दोन्ही मनगटं,
थांबले,
आणि कुणी बघत नाहीसं पाहून
बेंबीखाली एक बारीक ठिपका दिला.
त्याबद्दल मी तिथं काही बोलले नाही. अजूनही नाही.

दुर्पताबाईनं कागद उलटाच केला.
चाळीस वर्षं हातमागावर वाकलेली बाई.
"पाठ तं मांगं असते," म्हणाली.
मागं कुठल्याशा वॉर्डाचा जुना फॉर्म छापलेला.
ती रगडत राहिली, रगडत राहिली,
'नातेवाईकाची सही' ही ओळ
दिसेनाशी होईपर्यंत.

घरी विचारतात, काय देतात तिथं? गोळी? शेक?
मी सांगते, खुर्ची देतात.
मग एवढ्या उन्हात कशाला मरायला जातेस?
याचं उत्तर मला पोळ्या लाटताना सुचतं
आणि ताट वाढेपर्यंत विसरतं.

सगळं गोडच असतं असंही नाही.
कुंदा एकदा नुसरतआपाला म्हणाली,
तुमचं काय बाई, घरात तीन-तीन सुना.
नुसरतआपा उठून गेली. पुढचा गुरुवार रिकामा.
त्याच्या पुढच्या गुरुवारी डब्यात शेवया घेऊन आली,
आणि कुंदाला मुद्दाम शेवटी वाढल्या,
पण जास्त.

मग मे. कूलरच्या वाळ्याला ओला कुबट वास,
बाहेर सेहेचाळीस.
डोळे मिटा, मॅडम म्हणाल्या,
श्वास पोटापर्यंत जाऊ द्या.
माझा गळ्यातच अडला, नेहमीसारखा.
नुसरतआपाचा मात्र खाली उतरला आणि परत वर येईना,
आला तो घोरणं होऊन.
आधी बारीक,
मग मोमीनपुऱ्यातल्या एखाद्या लूमसारखं, खडखडून.
चार वर्षं रात्री दोनला उठून
अंधारात ओट्याला टेकून उभी राहणारी बाई,
प्लास्टिकच्या खुर्चीत, तोंड उघडं, ओढणी घसरलेली.

मॅडमनी घड्याळ पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं.
एक वाजला. शिपाई किल्ल्या वाजवत दारात आला.
पुष्पकला खांबामागून उठली,
पहिल्यांदाच आम्हा सगळ्यांना सबंध दिसली,
आणि जाऊन तिनं ती जुडी
त्याच्या हातातच मुठीत धरली. नुसती धरून ठेवली.

माझा गुडघा आखडला होता.
कुंदाची कामठीची बस निघून चालली होती.
कुणी हललं नाही.

मॅडमच्या वहीत त्या तारखेपुढं
नऊ चौकटी आहेत,
एकीतही आकडा नाही.