एकेचाळिसावं काडतूस

बंदुकांना व्हिसा मिळत नाही.
म्हणून त्या फुजैराच्या किनाऱ्यापासून लांब
नांगरलेल्या एका म्हाताऱ्या टगबोटीच्या पोटात राहतात,
आणि मी, परकार, दर मंगळवारी लाँचने
त्यांना तेल पाजायला जातो.

आज सहा निवडायच्या आहेत.
सोबत कंपनीचा नवा मॅनेजर, कडक इस्त्रीचा,
लाँचमध्ये दोनदा ओकलेला.
हातातला कॅटलॉग मात्र सोडलेला नाही. म्हणतो,
ही बघ, हिला दुर्बीण बसते, टॉर्च बसतो,
घडीचा दस्ता, रंग वाळूचा.
साहेब, वाळूचा रंग वाळूला कळत नाही.
ती आत शिरतेच.

मागच्या मे महिन्यात चार नमुने आले होते.
मी सगळ्यात स्वस्त काडतुसांची पेटी फोडली
आणि एकदाही न पुसता झाडत बसलो,
तरंगत्या रिकाम्या पिंपावर.
पहिली देखणी. बारा झाल्यावर रुसली.
दुसरी जड काडतुसांवरच जेवणारी,
हलकं दिलं की तोंड फिरवायची.
तिसरी चाळीसपर्यंत लोण्यासारखी,
मला वाटलं, झालं, हीच.
एकेचाळिसाव्याला अडकली.
रिकामं नळकांडं दारातच उभं,
ना आत, ना बाहेर.
आमच्या कॅम्पातला यासीन, कफील पळून गेल्यावर,
तसाच उभा होता सात महिने.

चौथी दोनशेपर्यंत गेली.
मग ती नाही थांबली, काडतुसं संपली.
कॅटलॉगात तिचा फोटो कोपऱ्यात आहे,
पोस्टाच्या तिकिटाएवढा.

गॅसची की धक्क्याची? मॅनेजर विचारतो.
कुठेतरी वाचून आलाय.
धक्क्याची स्वच्छ राहते, खरं आहे.
पण तिच्या अंगावर टॉर्च, दुर्बीण, काडतुसांचा पट्टा
असं सगळं माहेर लादलंत
की तिचा धक्काच मरतो, पुढचं काडतूस ती घेत नाही.
गॅसची काजळी धरते. धरू दे.
काजळी पुसायचाच मला पगार आहे.
आणि ती खांद्याला कमी मारते, साहेब.
तुम्ही दिलबहादूरचा खांदा पाहिलाय?
रात्री दोन ते सहा ब्रिजवर तोच उभा असतो.

मॅनेजर गप्प. मग म्हणतो, तू कुठे शिकलास हे?

काय सांगू.
बाणकोट खाडीच्या अल्याड आमचं गाव,
कासमचाचाची ठासणीची बंदूक, नाचणीच्या राखणीची.
इलेक्शन लागलं की ती मंडणगडच्या ठाण्यात जमा,
आणि डुकरांना नेमकी तारीख कळायची.
एक बार, बस्स.
चुकला तर पुन्हा ठासेपर्यंत रताळ्यांचा वाफा साफ.
म्हणून तो झाडायचाच नाही. बसून राहायचा.
लागलंच एखादं, तर आम्ही शिवत नसू,
गावकरवाडीचे लोक बांबूला टांगून न्यायचे
आणि सकाळी चाचाला नारळ आणून द्यायचे.
दारू दमट होऊ नये म्हणून डबी पोटाशी घेऊन
तो निजायचा.
बंदुकीला 'बाय' म्हणायचा.
चाची यावरून वर्षातून एकदा तरी भांडायची.

यातलं मी काहीच बोललो नाही.
म्हटलं, काम करता करता.

सहा काढल्या, चौथीच्याच जातीच्या.
नंबर वहीत उतरवले, सही घेतली.
नऊ वर्षांत माझ्या हातची एकही
माणसावर झाडली गेलेली नाही.
हे मी कोणाला सांगत नाही, दृष्ट लागेल.
पण मॅनेजरने बिल पाहून विचारलं,
मग इतक्या महाग कशाला?
तेव्हा मला हसूही आलं नाही.

तिसरी अजून तिथेच आहे, खालच्या फळीवर.
परत पाठवायला तिचे कागद नाहीत.
तिलाही तेल लावून निघालो.

येताना समुद्र उभा होता.
मॅनेजर पुन्हा कठड्यावरून वाकला,
कॅटलॉग माझ्याकडे दिला धरायला.
पाणी उडत होतं.
मी तो शर्टाखाली घातला, पोटाशी,
का, कोण जाणे.