शिरका

चाळीस दिवस झाले आज.
पत्र्यावरच्या बरणीचं फडकं सोडलं
आणि माझ्याआधी वास जिना उतरला.
खालून रत्नाक्का ओरडली,
काय मेलंय गं वर?

काही मेलं नाही.
सात रस्त्याच्या रसवंतीतला उसाचा रस होता.
आलं नको, लिंबू नको, बर्फ नको म्हटल्यावर
रसवाला असा बघत राहिला
जणू मी नवऱ्याला काही कालवून घालणार आहे.
चैत्रातलं सोलापूर, बेचाळीसचा पारा.
आपल्याला जे सोसत नाही
ते शिरक्याला मानवतं.

इमामसाबनं माप कधी सांगितलं नाही.
विजापूर वेशीत त्याची गाडी,
लांबट शिगडी, निखाऱ्यांवर शिका.
एवढंच म्हणायचा,
जीब पीछे हटना. भागना नै.

मिरची लवंगी, खलबत्त्यात अर्धवट,
बिया राहू द्यायच्या.
खडेमीठ. गूळ बोराएवढा.
टोमॅटो नाही.
त्याचा मेहुणा घालायचा टोमॅटो,
दोन ईदा गेला नाही हा त्याच्याकडे.
उकळायचं नाही, नुसतं तापवायचं
पातेल्याच्या कडेला मणी धरेपर्यंत.
पातेलं स्टीलचं.
एकदा मी पितळीत केलं, कल्हई उडालेल्या.
हिरवं झालं सगळं. ओतलं मोरीत.
मोरी मात्र लखलखली.

आणि कुंचला.
टॉवेलच्या कारखान्यात मी दशा कापायला होते,
शनिवारी मूठभर सूत पदराला बांधून न्यायची.
तो ते काठीला आवळायचा,
शिरक्यात बुडवून शिकांवर मारायचा, फट्, फट्,
धूर असा उठायचा की
रस्त्यानं जाणारे शिंकायचे
आणि शिंकून झालं की थांबायचे.
मला एक शीक फुकट.
उभ्यानंच खायची मी.
घरी सहा तोंडं, एक शीक कशी न्यायची?

कारखान्याला कुलूप लागलं. मग गाडीलाही.
गुडघे गेले त्याचे, गुलबर्ग्याला लेकीकडे असतो.
गेल्या महिन्यात फोन लावला.
चाचा, माझा नुसताच आंबट होतो.
तुमच्यात अजून काय असायचं?

बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.
मग म्हणाला,
तू सूत लाती थी ना, कोरा?
उसमें खळ रहती थी.
मैं धोताच नै था.

आणि हसला. की खोकला.
फोनवर कळत नाही.

आज गच्चीत घमेल्यात कोळसे पेटवलेत.
कोरं सूत कुठलं आता,
जुन्या टॉवेलच्या दशा उपटल्या,
शंभर वेळा धुतलेल्या,
खळीचा कणसुद्धा नाही त्यांत.
तरी काठीला आवळल्या.
कोंबडीचे तुकडे, सायकलच्या तारेत ओवलेले.
फट्.
शेजारच्या गच्चीवरचं पोर शिंकलं.

रत्नाक्का वर आली, नाकाला पदर.
मरूदे, दे एक, म्हणाली.
दिला.
डोळे बारीक झाले तिचे, मान मागे गेली,
जीभ मागे सरली असणार.

मी काठी हातात धरून उभी.
पळते का बघत.