डाग काढला

तासगावात, गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या बोळात
आण्णांचा फोटो स्टुडिओ. एक स्टूल, एक पडदा,
पडद्यावर दोन हंस आणि न संपणारं तळं.
जावळ काढलेली पोरं तिथं रडायची,
आण्णा खुळखुळा वाजवत फ्लॅश मारायचे.

रात्री प्रती वाळल्या की ठिपके भरायला बसायचे.
बारीक ब्रश, टोक जिभेवर काढलेलं,
बशीत काळी शाई, डोळ्याला भिंग.
धुळीचा पांढरा कण, केस, ओरखडा,
सगळं काळ्यात बुडायचं.
मी शेजारी. तेर दुणे सव्वीस,
तेर त्रिक एकोणचाळीस.

पुढं आयुष्य तेरातच गेलं.
तेराव्या गुणसूत्रावर एक जनुक राहतं.
काम एवढंच: डोळ्याच्या पडद्यातल्या पेशीला
बास, आता थांब, म्हणून सांगायचं.
प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती.
एक जन्मापासून फाटकी असली तरी चालून जातं,
दुसरी फाटेपर्यंत.

सांगायला सोपं.
पहिली सात वर्षं मी भलतीकडेच शोधत होते.

मिरजेच्या दवाखान्यातून पत्ते घ्यायचे,
एसटीनं जत, आटपाडी, कवठेमहांकाळ.
थर्मासात बर्फ, बर्फात रक्ताच्या नळ्या.
लाइट गेली की नळ्या घेऊन
बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजकडे पळायचं.
वॉचमन विचारायचा, कुठल्या मालाचं सॅम्पल?
माणसाचं, म्हटलं की पावती फाडायचा नाही.

घरोघरी वंशावळ काढायची.
पुरुष चौकोन, बाई वर्तुळ.
ज्याला झाला त्याचा चौकोन काळा भरायचा.
गेला असेल तर वरून तिरकी रेघ.
सुना आवाज उतरवून विचारायच्या,
माझ्याकडनं आलं व्हय, बाई?
सासू तिथंच, शेंगा फोडत.
याचं तयार उत्तर कुठल्याच कपाटात नव्हतं.
दर घरात नव्यानं द्यावं लागायचं,
आणि शेंगांचा आवाज थांबेपर्यंत थांबावं लागायचं.

आरेवाडीच्या अलीकडे एक वस्ती.
ताराक्का दुधाळ, डावा डोळा काचेचा.
म्हणाली, थोरला भाऊ होता मला, बिरू.
तिसरं लागलं आणि गेला.
आई म्हणायची, अंधारात डोळा मांजरावानी चमकायचा.
लोखंडी पेटीतून फोटो काढला,
बघा की, ह्यात तर काय सुदीक दिसत न्हाई.

खरंच नव्हतं दिसत.
टोपडं, काजळाची तीट, दोन्ही डोळे काळेभोर.
मागं हंस.
उलटा केला, शिक्का आमचा.

मी चौकोन काढला. काळा भरला.
माझा हात तसाच फिरला,
कडेकडेनं आत, आण्णांचा फिरायचा तसा.
तिरकी रेघ मारायला जरा वेळ लागला.

त्या रविवारी माळ्यावरची रजिस्टरं उतरवली.
चौऱ्याहत्तर साल, मार्गशीर्ष, आण्णांचं अक्षर:
बि. दुधाळ. पोस्टकार्ड साइज, दोन प्रती.
उजव्या डोळ्यातला डाग काढला.
जादा पैसे घेतले नाहीत.

आण्णा खाली ओसरीवर पेपर वाचत होते.
मी विचारलं नाही.
त्यानंतर अकरा वर्षं होते ते.

निगेटिव्ह मात्र सापडली. खिडकीशी धरली.
केस पांढरे, तीट पांढरी, हंस काळे,
आणि उजव्या डोळ्यात टाचणीच्या डोक्याएवढा
काळा ठिपका.
तिथं ब्रश पोचला नव्हता.

मागच्या साली ताराक्काला नात झाली.
नाळेचं रक्त तपासलं: एक प्रत फाटकी.
म्हणून चौथ्या आठवड्यातच बघितलं,
मोहरीएवढा होता, लेझरनं जाळला.
पुढचं कोण सांगणार. दर महिन्याला बघायचं.

ताराक्का मोबाईलवर फोटो पाठवते,
फ्लॅश मारून, मी सांगितलंय तसा.
कधी हललेला, कधी अर्धं डोकं कापलेलं.
मी आधी डोळे बघते.
मग पोरगी हसतेय का ते.