नळी क्रमांक चौदा

आधी मी सदाशिव पेठेत मेसवर होतो,
स्पर्धा परीक्षेच्या पोरांना आमटी वाढायचो.
आता पाषाणच्या प्रयोगशाळेत, माशांचा आचारी.
मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगर.
गुठळी होऊ द्यायची नाही, बस्स.
चारशे नळ्यांत ओतून रात्रभर मलमलीखाली निववायचं,
सकाळी कापसाचे बोळे.
जेवणारे मीठ कमी म्हणत नाहीत.

त्यातल्या वीस फिरदौस बागवानच्या.
तिच्या वडिलांचा मार्केट यार्डात पेरूचा गाळा.
जन्मभर ओलं फडकं घेऊन त्यांनी चिलटं हाकलली,
आणि पोरगी त्याच चिलटांची लग्नं लावते
सरकारी शिष्यवृत्तीवर.
सकाळी आठला, संध्याकाळी सहाला
नुकत्या निघालेल्या माद्या वेगळ्या काढते:
फिकट, पोटात काळा ठिपका,
पंखांची घडी अजून मोडायची.

मी विचारलं, शोधतेस काय?
तिने काचेवरच्या वाफेत बोटाने गोल काढला.
हे केंद्रक, काका. आत सगळ्या पाककृती.
भिंतीला भोकं आहेत, शेकड्यांनी,
पण मोकळी नाहीत.
तीसेक जातीची प्रथिनं कडं करून बसलेली,
चिठ्ठी बघून आत सोडतात, बाहेर सोडतात.
मला सूस रोडचं ते गेट आठवलं
जिथे माझी बायको पोळ्या करायला जाते.
नाव, वेळ, सही, पिशवी उघडून दाखव.

त्या तिसांतलं एक या माश्यांत अधू आहे, ती म्हणाली.
अख्ख्या अंगात.
तरी डोळे नीट, आतडं नीट, उडतात नीट,
नर एक पंख हलवून गाणं म्हणतो ते ऐकतात,
जुगतातसुद्धा.
फक्त अंडाशय मनुक्यासारखं.
का, तेच तर कळत नाही.
गेट सगळीकडे तेच.

अंडं असं होतं म्हणे:
एकीच्या सोळा होतात,
पंधरा जणी आपलं होतं नव्हतं ते सोळावीत ओततात
आणि विरून जातात.
यावर मी काही बोललो नाही.
माझी आई पाच बहिणींत थोरली.

नांदत्या नळीत दहाव्या दिवशी चिखल होतो,
अळ्या बोगदे काढतात,
काचेवर जवाच्या दाण्यांसारखे कोष.
फिरदौसच्या नळ्यांत माझा खाऊ जसाच्या तसा,
सपाट, कडेने सुटलेला.
न जेवलेलं ताट मला मेसपासूनच बघवत नाही.
ती वहीत लिहिते: शून्य. शून्य. शून्य.
सर म्हणतात, शून्य हेही उत्तर आहे,
पण दोनशे वेळा आलं पाहिजे.

अकराव्या दिवशी, नळी चौदा: एक अळी.
फिरदौस दिवसभर खुर्चीवर टेकली नाही.
यार्डात फोन लावून बापाला म्हणाली, अब्बा, एक आहे.
पलीकडे हमालांचा गलका. त्यांना पेटी वाटली असावी.

पाच दिवसांनी कोष फुटला.
नर. डोळे लालबुंद.
तिने भिंग बाजूला ठेवलं.
पांढऱ्या डोळ्यांच्या आईला असा मुलगा होत नाही, काका.
बाहेरचा आहे.
मग स्वतःवरच चिडली:
डब्यासोबत मीच आणते ना रोज पेरू.

पेरू नव्हता तो.
त्या रात्री मलमलीच्या कोपऱ्याला मोहरीएवढं भोक होतं,
मी बघितलं होतं,
आणि शेवटची बस सुटत होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी सांगितलं.
ती बराच वेळ गप्प.
मग वही माझ्याकडे सरकवली.
तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, नळी १४ वगळली.
त्याखाली मी लिहिलं: मलमल फाटकी होती. दगडू शेलार.
त्या वहीत पहिल्यांदाच माझं नाव.

रात्री घरी टाका घातला.
दोरा तोडून मलमल दिव्यासमोर धरली.
भोकं तर सगळीकडेच होती,
बारीक, ओळीने, वाफ जाऊ देणारी.
मी त्यातलं एकच बुजवलं होतं.