चाळिसावा

पीठ रात्रीच मळून ठेवलं होतं.
आज मार्चची नऊ.
इझा नदीच्या कडेला अजून बर्फ आहे,
दुधावरच्या सायीइतका, काठी लावली तर सरकेल.
बाहेर मुलं मोगऱ्यांनी जमीन बडवतायत:
थंडी गं थंडी, आत जा,
ऊब गं ऊब, वर ये.

चाळीस माणसं वळायची आहेत मला.
डोकं, कंबर, पोट; दोन वेटोळी की झाला शिपाई.
पाय नसतात त्यांना.
वर मध, अक्रोडाचा कूट.
आईने ही रीत माहेराहून आणली, मोल्दोवाहून.
मारामुरेशच्या बायका आधी हसल्या,
मग एकेक येऊन मापं विचारून गेल्या.

सेबास्तेचं तळं, बाबा सांगत,
आपल्या नदीहून मोठं,
आणि रात्र आपल्या रात्रींसारखीच.
चाळीस शिपाई उघडे उभे केले बर्फावर.
काठाशी न्हाणीघर तापवून ठेवलं,
दार मुद्दाम सताड उघडं.
एक शब्द बोला, आणि आत या.

मग बाबा रक्तसाक्ष्यांची नावं वाचत,
वेदीपाशी, चष्मा कपाळावर ढकलून:
मेलितोन, किरियोन, कान्दिद, व्हिव्हियान,
स्माराग्द.
स्माराग्द म्हणजे पाचू. शिपायाचं नाव पाचू!
त्या एका नावासाठी मी अख्खी यादी ऐकायची.

पण एक जण उठला.
ढोपरांवर सरपटत काठाला लागला, वाफेत शिरला.
उंबऱ्यातच मेला म्हणतात, ऊब सोसली नाही.
तेव्हा पहाऱ्यावरच्या एकाने चिलखत उतरवलं
आणि त्याच्या जागी जाऊन उभा राहिला.
हिशेब पुन्हा चाळीस.
पहारेकऱ्याचं नाव यादीत आहे.
गेला त्याचं नाही.

अठ्ठेचाळीस साली कागद आला.
रोमशी नातं तोडलं, एवढाच मजकूर, खाली सही.
आम्ही पाच भावंडं, धाकटा अंगावर पिणारा,
घर चर्चचं, भट्टीतली लाकडंही चर्चची.
बाबांनी सही केली.
दौत मी धरली होती.

पाम्फिल घंटा वाजवायचा.
चकणा, संध्याकाळी हमखास प्यायलेला,
प्रार्थनेचे शब्द चुकणारा.
त्याच्याकडे कुणी कागद आणलाच नव्हता.
त्याने किल्ल्या आमच्या दाराच्या खिळ्याला अडकवल्या
आणि स्वतःच्या गोठ्यात जपमाळ सुरू केली,
मोठ्याने, चुकत चुकत.
तिसऱ्या रविवारी गाडी आली.
परत आली ती टोपी.

बाबा उंबऱ्यात मेले नाहीत.
चाळीस वर्षं जगले.
कढत पाण्याने अंघोळ मात्र केली नाही कधी,
जानेवारीतही नाही.
मोरीतून लोट्याचा आवाज यायचा
आणि आम्ही मुलं उगाच मोठमोठ्याने बोलायचो.

आई दरवर्षी एकोणचाळीस बिनपायाचे करी
आणि एकाला पाय काढी,
इवलेसे दोन, चिमटीने ओढून.
तो बाबांच्या ताटलीत.
टोमणा होता की माया, मी विचारलं नाही.
बाबा पाय आधी खात.

मी चाळीस पुरे करते,
मग तळहातावरचं उरलेलं पीठ खरवडून
तो एक.

लुदोविका येते दुपारी, पाम्फिलची लेक.
चर्चच्या भिंतीवर आता तिच्या बापाचं नाव आहे,
संगमरवरात, एक अक्षर चुकलेलं.
ती बसते, डोक्याचा रुमाल सोडते, पाय चोळते.
तवा मी पुढे सरकवते.
ती मोजत नाही.
पायवाल्याला बोटाने दाबून बघते फक्त.
हा कच्चाय अजून, म्हणते,
ठेव परत आत.
आणि दार लाव गं,
ऊब जाते.